सुरुंगाची नोंद संदर्भसंग्रहात पाठवताना

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलातून, निवृत्त होऊन परदेशात भूसुरुंग काढायच्या कामावर जाणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: सुरुंगांची ओळख पटवून देणाऱ्या संदर्भसंग्रहात नसलेला किंवा चुकीचा नोंदलेला सुरुंग सापडला, तर कळवायचं कुणी आणि कसं?

आधी पात्रता. सुरुंगकामाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत माणसांचे स्तर ठरलेले आहेत. पहिल्या स्तराचा माणूस त्याला शिकवलेली स्फोटक वस्तू जागच्या जागी उडवतो, बस्स. ती निकामी करायचं काम तिसऱ्या स्तराचं. त्यामुळे फ्यूजची, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेची, आतली माहिती तिसऱ्या स्तराच्या माणसाकडूनच यावी. शिवाय सुरुंग काढणाऱ्या संस्थेला त्या देशाच्या सुरुंग प्राधिकरणाची मान्यता लागते. गावकऱ्याला सुरुंग दिसला तर त्याने फोटोसाठीसुद्धा जवळ जायचं नाही. आल्या पावली मागे फिरून कळवायचं.

नोंद टीम लीडरकडून ऑपरेशन्सच्या साहेबांकडे आणि तिथून राष्ट्रीय केंद्राकडे द्यावी. आंतरराष्ट्रीय संग्रह त्यापुढचे. अमेरिकेतल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या 'कॉर्ड' या संग्रहात ५,००० हून अधिक वस्तू आहेत. जुन्या 'ऑर्डाटा'ची जागा त्याने घेतली.

सोबत काय जोडायचं? स्तराचं प्रमाणपत्र, जागेचे जीपीएस आकडे, सुरुंग किती खोल होता ते, व्यास, उंची, रंग, कवच कशाचं ते, आणि फोटो. मोजपट्टी शेजारी ठेवा, सुरुंगाला टेकवू नका. सुरुंगावरची अक्षरं टाईप करून पाठवू नका, त्यांचा फोटोच द्या. सोव्हिएत 'पीएमएन' सुरुंगाच्या नावातला रशियन 'एन' डब्यावर इंग्रजी 'एच'सारखा दिसतो, आणि तिथेच घोटाळे होतात. '५८३-१२-८६' असं काही दिसलं तर बहुधा पहिला आकडा कारखान्याचा, दुसरा लॉटचा आणि शेवटचा वर्षाचा.

नावाचा रकाना मात्र सर्वात शेवटी भरा. खात्री नसेल तर रिकामा सोडा, त्यात कमीपणा नाही. चिनी ७२-ए आणि ७२-बी हे हिरवे प्लास्टिकचे सुरुंग, व्यास जेमतेम ७८ मिलिमीटर, बाहेरून जवळपास जुळे. पण 'बी' नुसता कलला तरी फुटतो. 'बी'च्या फोटोखाली कुणी 'ए' लिहिलं, तर पुढचा माणूस तो हातात घेईल.

जुनी नोंद दुरुस्त करायची असेल, तर तिचा क्रमांक देऊन चुकलेला तेवढाच रकाना आणि त्याचा पुरावा पाठवा. सुरुंग उडवण्याआधीच फोटो मोठे करून तपासा. नंतर कुणी दुसऱ्या बाजूचा मागितला, तर कुठून आणणार?