रेनेसाँ मेळ्यांतील लोकगीते आणि कलावंत

रेनेसाँ म्हणजे युरोपचा प्रबोधनकाळ, आणि रेनेसाँ मेळा हा मुख्यतः अमेरिकेत भरणारा हंगामी उत्सव आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातील इंग्लंडमधला गावबाजार तिथे उभा केला जातो. लोहार, कुंभार, कसरतपटू, राणीचा दरबार आणि घोड्यावरच्या झुंजी यांच्या जोडीला दिवसभर गाणे-बजावणे चालू असते. या मेळ्यांतून ऐकलेले गाणे नेमके कुठले, किती जुने आणि ते गाणारी मंडळी कोण, याचा माग काढणे वाटते तितके सोपे नाही. बरीच गाणी कानाला जुनी वाटतात पण विसाव्या शतकातली असतात. कलावंत टोपणनावाने वावरतात आणि त्यांची ध्वनिमुद्रणे बहुधा मेळ्यातल्या मंचाशेजारीच विकली जातात.

पहिला मेळा मे १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात दोन दिवस भरला. फिलिस आणि रॉन पॅटरसन या दांपत्याने तो केपीएफके या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या नभोवाणी केंद्राच्या मदतीसाठी भरवला होता. फिलिस शिक्षिका होत्या. मुलांना नाटक शिकवताना त्यांनी इटलीतील कोमेदिया देल्लार्ते या फिरत्या नाट्यप्रकाराचे प्रयोग करून घेतले होते आणि मेळ्याची कल्पना त्यातूनच वाढली. १९६६ मध्ये हा मेळा अगूरा येथील पॅरामाउंट रँचवर गेला, पुढच्या वर्षी उत्तर कॅलिफोर्नियातही दुसरा सुरू झाला. मिनेसोटा (१९७१), टेक्सास (१९७४) आणि मेरीलँड (१९७७) येथील मोठे मेळे त्यानंतरचे. मेळ्याच्या गाण्याचा विचार करताना या जन्मकाळाकडे लक्ष द्यायलाच हवे. अमेरिकेत तेव्हा लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाची लाट होती. तरुण मुले गिटार, बँजो घेऊन जुनी कथागीते शोधून गात होती आणि तीच मंडळी पहिल्या मेळ्यांत आली. त्यामुळे मेळ्याच्या संगीतावर सोळाव्या शतकाइतकाच १९६० च्या दशकाचाही ठसा आहे. माझ्या मते तो अधिक खोल आहे.

कॅलिफोर्नियातल्या त्या आरंभीच्या काळातले सर्वांत लक्षणीय पथक म्हणजे बॉब टॉमस यांचे ‘गोल्डन टोड’. टॉमस चित्रकारही होते. ग्रेटफुल डेड या रॉक पथकाचे कवटी आणि विजेचे बोधचिन्ह घडवण्यात त्यांचा हात होता. गोल्डन टोडच्या वादनात पिशवीबाजे (बॅगपाइप), बाल्कन प्रदेशाच्या लयी, मध्यपूर्वेच्या चाली आणि मध्ययुगीन नृत्यधुना सहज एकत्र येत. ही सरमिसळ पुढे मेळ्यांच्या संगीताची ओळखच झाली. आज मेळ्यात आयरिश बूझुकी (लांब मानेचे तंतुवाद्य) आणि बोधरान दिसतात ती याच मोकळेपणामुळे. मूळ ग्रीक असलेली बूझुकी आयरिश संगीतात १९६० च्या दशकात आली. बोधरान या चामड्याच्या डफासारख्या वाद्यालाही आयरिश संगीतमंचावर मानाची जागा विसाव्या शतकातच मिळाली. पत्र्याची बासरी कारखान्यात बनू लागली ती एकोणिसाव्या शतकात. म्हणून वाद्यावरून गाण्याचे वय ठरवू नये.

मेळ्यांतली गाणी ढोबळमानाने तीन थरांची असतात. पहिला थर खरोखर त्या काळाचा. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने रचलेले ‘पास्टाइम विथ गुड कंपनी’ सोळाव्या शतकाच्या आरंभीचे आहे आणि ते ज्या हस्तलिखितात आहे ते ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहे. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे गीत सप्टेंबर १५८० मध्ये रिचर्ड जोन्स या मुद्रकाने लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांच्या संघाकडे नोंदवले. तेही हेन्रीनेच रचले ही समजूत मेळ्यांत अजून सांगितली जाते, पण तिला आधार नाही. हेन्री १५४७ मध्ये वारला होता आणि ज्या स्वररचनेवर हे गीत बांधले आहे ती इटलीतून इंग्लंडमध्ये आली त्याच्या मृत्यूनंतर. थॉमस रेव्हन्सक्रॉफ्टने १६०९ आणि १६११ मध्ये छापलेल्या संग्रहांतली गाणी तर मेळ्यांची खास लाडकी. त्यांतली बरीचशी चक्रगीते आहेत. एक गट ओळ सुरू करतो, दुसरा गट तीच ओळ काही वेळाने उचलतो आणि अशी तीन-चार आवर्तने एकमेकांवर चढत जातात. प्रेक्षकांना दोन मिनिटांत शिकवता येतात आणि वाद्यांची गरज नसते, म्हणून रस्त्यावर गाणाऱ्यांना ती फार सोयीची. नाचासाठी फ्रान्समधील त्वानो आरबो यांचा १५८९ चा नृत्यग्रंथ आणि जॉन प्लेफर्डचा १६५१ चा इंग्रजी नृत्यसंग्रह हे मोठे आधार आहेत. प्लेफर्डचे साल प्रबोधनकाळाच्या बाहेरचे असले तरी त्यावर मेळ्यात कुणी हरकत घेत नाही.

दुसरा थर तोंडी परंपरेतून आलेल्या इंग्रजी आणि स्कॉटिश कथागीतांचा. ‘द थ्री रेव्हन्स’ रेव्हन्सक्रॉफ्टच्या १६११ च्या पुस्तकात छापलेले सापडते. ‘स्कारबरो फेअर’ मात्र आज ज्या रूपात माहीत आहे ते रूप बरेच अलीकडचे. त्याचे मूळ सतराव्या शतकातल्या एका कथागीतात सांगतात, पण गळ्यातून गळ्यात जाताना कथा जवळजवळ गळून पडली आणि अशक्य कामांची मागणी तेवढी उरली. सायमन आणि गारफंकेल या अमेरिकन गायकजोडीने १९६६ मध्ये ते जगभर नेले. पॉल सायमन यांना ते लंडनमध्ये मार्टिन कार्थी या इंग्रज लोकगायकाकडून मिळाले होते.

तिसरा थर नव्या गाण्यांचा, आणि फसगत होते ती इथे. ‘बॅरेट्स प्रायव्हेटिअर्स’ हे चाच्यांच्या वेशातल्या पथकांचे हमखास गाणे. प्रेक्षक त्याला शतकानुशतके जुने मानतात. ते कॅनडाच्या स्टॅन रॉजर्सनी १९७६ मध्ये लिहिले. ‘मिंग्युले बोट साँग’चे शब्द ह्यू रॉबर्टन यांनी १९३० च्या दशकात रचले. ‘वाइल्ड माउंटन थाइम’ बेलफास्टच्या मॅकपीक घराण्याकडून १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाले, त्याच्यामागे मात्र एक जुने स्कॉटिश गीत आहे. तबकडीच्या वेष्टनावर ‘पारंपरिक’ असे छापलेले असले म्हणजे कवी अज्ञात असतोच असे नाही. कधी गायकालाही तो ठाऊक नसतो. हयात किंवा नुकत्याच वारलेल्या कवीचे श्रेय असे हरवणे मला लोकगीत होण्याचा गौरव वाटत नाही. त्याचे नाव शोधून काढणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य आहे.

गाणे ओळखायचे तर शीर्षकावर विसंबून चालत नाही, कारण एकाच गीताला दहा नावे असतात. उपयोगी पडतात ते क्रमांक. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ कथागीते त्यांच्या पाठभेदांसह प्रसिद्ध केली. अभ्यासक अजूनही ‘चाइल्ड २’, ‘चाइल्ड २६’ असेच बोलतात. पहिले ‘स्कारबरो फेअर’चे कुळ, दुसरे ‘थ्री रेव्हन्स’चे. चाइल्डनी शब्दांवर भर दिला होता. चालींचे काम बर्ट्रंड ब्रॉन्सन यांनी १९५९ ते १९७२ या काळात चार खंडांत केले. त्याहून व्यापक आहे स्टीव्ह राउड यांची सूची. सुमारे २५ हजार गीतांना तिने क्रमांक दिले असून ती लंडनच्या व्हॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. लक्षात राहिलेला एखादा ठळक शब्द, नायिकेचे नाव किंवा पालुपद टाकून शोधले की क्रमांक मिळतो, आणि क्रमांकावरून त्या गीताची सगळी भावंडे हाती लागतात. क्रमांक मिळालाच नाही तर गीत अलीकडचे असण्याची शक्यता वाढते.

रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या एकपानी गीतपत्रिकांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने २००३ मध्ये सुरू केलेला संग्रह उत्तम आहे. सतराव्या शतकातला इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने जमवलेल्या पत्रिकांच्या प्रतिमा तिथे आहेत आणि अनेक गीते गाऊन ध्वनिमुद्रितही केलेली आहेत. अशा पत्रिकेवर स्वरलिपी क्वचितच असे. आपल्या संगीत नाटकांच्या छापील संहितेत पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याची ओळ दिलेली असते, तशीच सूचना तिथे शीर्षकाखाली असे. ऑक्सफर्डच्या बोडलीअन ग्रंथालयाचा संग्रहही याच कामाचा आहे.

कलावंतांचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो. मेळ्यातले पथक एका गावचे नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲरिझोना, वसंतात टेक्सासमधला वॉक्सहॅची, उन्हाळ्यात विस्कॉन्सिन किंवा कोलोराडो, ऑगस्टनंतर मिनेसोटा अथवा मेरीलँड आणि शेवटी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा टेक्सास, अशी फिरती कित्येकांची वर्षानुवर्षे असते. उत्पन्नाचे मार्ग मुख्यतः तीन : व्यवस्थापनाशी ठरलेले मानधन, प्रयोगानंतर फिरवलेली टोपी आणि ध्वनिमुद्रणांची विक्री. टोपीत काय पडेल ते शेवटच्या गाण्यावर ठरते, म्हणून शेवटचे गाणे प्रेक्षकांना सोबत गाता येईल असेच निवडतात. दिवस संपताना अनेक मेळ्यांत सगळी पथके एका मंचावर जमून निरोपाची गाणी म्हणतात. एखादा गायक कोण हे विचारायला याहून चांगली जागा नाही, कारण तिथे बाकीचे कलावंत त्याला ओळखत असतात.

मागाहून शोधायचे असेल तर मेळा, वर्ष, मंच आणि वाद्य या चार गोष्टी आठवून लिहून काढाव्यात. मेळ्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत मंचनिहाय वेळापत्रक असते. जुन्या वर्षांची पाने संकेतस्थळावरून काढून टाकली असली तरी संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ती पुष्कळदा मिळतात. मिशिगनचे ओवेन फाइफ यांच्यासारखे काही गायक स्वतःच्या नावाने ओळखले गेले. मध्ययुगीन आणि प्रबोधनकाळातली गाणी ते मूळ युरोपीय भाषांत गात. त्यांचे २०१२ मध्ये निधन झाले.

आंतरजालावरच्या खुणाही टिकाऊ नाहीत. टेक्सासमधील ऑस्टिनच्या ‘ब्रॉबडिंगनॅगियन बार्ड्स’ या जोडीने, म्हणजे ऑटोहार्प हे तंतुवाद्य वाजवणारे मार्क गन आणि रेकॉर्डर ही बासरी वाजवणारे अँड्र्यू मॅकी यांनी, एमपी३ डॉट कॉमवर गाणी मोफत ठेवून मेळ्याबाहेरचा श्रोता मिळवला. हे संकेतस्थळ २००३ च्या अखेरीस बंद झाले आणि तिथला संग्रह गेला. ज्या छोट्या पथकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांचे ते ध्वनिमुद्रण परत मिळणे कठीण झाले. गन यांनी पुढे मेळ्यांतल्या पथकांचे संगीत ऐकवणारे रेनेसाँ फेस्टिव्हल पॉडकास्ट सुरू केले. त्यात प्रत्येक गाण्यासोबत पथकाचे नाव सांगितले जाते, त्यामुळे अनोळखी पथकापर्यंत पोहोचायला ते सोयीचे ठरते. सध्या बरीच पथके आपली जुनी कॅसेट-ध्वनिमुद्रणे बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर स्वतःच चढवतात.