'माझा घर' आणि 'करला' : दुसरी भाषा शिकण्याच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत उत्तरेकडून आलेला कामगार मराठी बोलू लागला की 'माझा घर' म्हणतो. हिंदीत घर पुल्लिंगी, आणि नपुंसकलिंग तर नाहीच. जरा सरावला की तो 'करला', 'जाला' म्हणतो. ही दुसरी चूक मला जास्त मोलाची वाटते. हिंदीत 'किया', 'गया' आहे. 'करला' त्याला कुणी शिकवलेलं नसतं. 'बसला', 'उठला', 'पडला' ऐकून त्यानं स्वतःच नियम बांधलेला असतो.

हे ओळखायला अभ्यासकांना वेळ लागला. १९५७ साली अमेरिकेत भाषाअभ्यासक रॉबर्ट लाडो यांनी मांडलं, की दोन भाषा शेजारी ठेवून ताडून पाहा. त्या जिथं वेगळ्या, तिथं शिकणारा अडखळणार. भाषा म्हणजे सवय, असं मानायचा तो काळ. म्हणून वाक्यं घोकून घ्यायची आणि चूक दिसताच खोडायची. या विचारानं 'माझा घर' उलगडतं, 'करला' नाही. १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी, भाषा ही सवय मानणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या पुस्तकावर टीका केली आणि सवयीच्या सिद्धांताला मोठा हादरा बसला.

खरं वळण १९६७ चं. भाषाअभ्यासक पिट कॉर्डर यांनी लिहिलं, की चुका म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याचा पुरावा. तो अंदाज बांधतो आणि बोलून पडताळतो. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेला आंतरभाषा म्हटलं. ती धड मातृभाषा नसते, धड नवी भाषाही नसते, पण तिला स्वतःचे नियम असतात. कधी ती मध्येच गोठते, आणि वीस वर्षं इथं राहिलेल्याच्या तोंडीही 'माझा घर' टिकून राहतं. १९७४ साली ड्यूले आणि बर्ट या संशोधकांना स्पॅनिश आणि चिनी बोलणारी मुलं, मातृभाषा वेगळ्या असूनही, इंग्रजीचे काही प्रत्यय आणि रूपं बऱ्याच अंशी एकाच क्रमानं आत्मसात करताना आढळली.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. 'he went' ऐवजी 'he goed' (ही गोड) लिहिणाऱ्या पोराच्या वहीवर आजही नुसती लाल फुली पडते, याचं वाईट वाटतं. भूतकाळाचा नियम त्याला कळलाय, हे त्याला कुणी सांगत नाही.

कोल्हापुरात आणखी एक पेच आहे. इथल्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. शेजारणींकडून मराठी शिकलेली परप्रांतीय बाई 'मी आलो' म्हणाली, तर पाठ्यपुस्तक ते चूक ठरवील. तिनं मात्र जे कानावर पडलं, ते नेमकं उचललेलं असतं.