कुलंट फाटलं? आधी पाणी बघा

कुलंट म्हणजे धातू कापताना मशीनवर सोडतात ते तेल-पाण्याचं मिश्रण. त्यातलं तेल, म्हणजे सोल्युबल ऑइल, आम्ही बनवतो. उन्हाळा लागला की पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून आम्हाला फोन येतात, "तुमचं सोल्युबल ऑइल खराब आलंय, टाकीवर साय धरलीय." जाऊन बघतो तर बहुतेक वेळा तेल तेच असतं, पाणी बदललेलं असतं. नळाचं कमी पडलं म्हणून बोअरचं किंवा टँकरचं भरलेलं असतं.

सोल्युबल म्हणत असलो तरी हे तेल पाण्यात विरघळत नाही. त्याचे मायक्रॉनभर आकाराचे थेंब होतात (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो), म्हणून कुलंट दुधासारखं दिसतं. हे थेंब एकमेकांना चिकटले की मोठे होऊन वर येणार. ते चिकटू नयेत म्हणून आम्ही तेलात इमल्सिफायर घालतो, म्हणजे साबण आणि पेट्रोलियम सल्फोनेट. त्याच्या रेणूची शेपटी तेलात रुतते, डोकं पाण्यात राहतं आणि डोक्यावर ऋण विद्युतभार असतो. प्रत्येक थेंबावर ऋणच भार, त्यामुळे जवळ आले की ते एकमेकांना लोटतात. तुमची टाकी या रेट्यावर टिकून असते.

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. त्यांच्या प्रत्येक कणावर दुहेरी धन भार. तो थेंबांचा ऋण भार झाकतो, शिवाय साबणाशी जुळून चिकट पांढरा चोथा करतो. बोअरच्या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, तोच हा प्रकार. लिंबू पिळून दूध फाटतं तेही भार गेल्यामुळेच. ईटीपीत (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करतात तिथे) जुनं कुलंट फोडायला, म्हणजे तेल-पाणी वेगळं करायला, तुरटी वापरतात, कारण तिच्यातल्या ॲल्युमिनियमवर तर तिहेरी भार.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. टाकीतून वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. रोज बोअरचंच पाणी घालत गेलात तर महिन्याभरात टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. म्हणून पहिला भरणा कशाचाही असो, रोजची भर आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची घाला, आणि त्यातही थोडं तेल मिसळून.

बॅरल उघडण्याआधी एवढं करा. दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत ९५ मिली नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच बोअरचं. दोन्हींत ५ मिली तेल सोडून हलवा आणि २४ तास ठेवा. तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही. उलटं केलंत तर लोण्यासारखा गोळा होतो. दुसऱ्या दिवशी बोअरच्या बाटलीत गळ्याशी पिवळट कडं किंवा दह्यासारखे कण दिसले, तर ते पाणी टाकीत घालू नका.

नळाच्या बाटलीतही तसंच दिसलं तर मात्र दोष आमच्या तेलात असू शकतो. बाटल्या धुऊ नका, बॅच नंबर लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. आमचा माणूस त्या घेऊन जाईल.