सेमिनरी

कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या निवासी संस्थेस सेमिनरी म्हणतात. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी संस्था युरोपातही रूढ नव्हती. होतकरू तरुण एखाद्या जाणत्या धर्मगुरूच्या हाताखाली विधी आणि जेमतेम लॅटिन शिके, तर मोजकेच जण कॅथिड्रलच्या शाळेत किंवा विद्यापीठात जात. प्रोटेस्टंट टीकेमुळे धर्मगुरूंचे अज्ञान चर्चला जाचू लागले, तेव्हा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (बिशपांच्या सभेने) जुलै १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांताने, म्हणजे बिशपच्या अधिकारक्षेत्राने, असे विद्यालय काढावे, असे ठरवले. किमान बारा वर्षांची, लिहिता-वाचता येणारी मुले घ्यावीत, गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे आणि व्याकरण, गायन व बायबल यांबरोबर चर्चची कालगणनाही शिकवावी, असे ठरावात होते. ईस्टरची तारीख चांद्रगणनेवर अवलंबून असल्याने हा शेवटचा विषय दिसतो तितका किरकोळ नव्हता. खर्चासाठी धर्मप्रांताच्या उत्पन्नावर पट्टी बसवायची होती आणि अनेक ठिकाणी घोडे तिथेच अडले.

गोव्यात सासष्टीतील राशोल येथे सतराव्या शतकाच्या आरंभी जेसुइट या कॅथलिक धर्मसंघाचे महाविद्यालय उभे राहिले. शिक्षणाची भाषा लॅटिन असली तरी लोकांपुढे देशी भाषेवाचून निभाव लागणे कठीण होते. इंग्रज जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये इथेच छापले गेले. पोर्तुगालने १७५९ मध्ये जेसुइटांना हद्दपार केल्यानंतर ही वास्तू धर्मप्रांताची सेमिनरी झाली. पोप तेरावे लिओ यांनी भारतीय धर्मगुरूंसाठी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास हलवण्यात आली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये प्रशिक्षणाची फेरमांडणी केली. बायबलचा अभ्यास हा ईशज्ञानाचा (थिऑलॉजीचा) आत्मा ठरला, मानसशास्त्र व समाजशास्त्र यांना स्थान मिळाले आणि देशोदेशीच्या बिशपांना आपापला आराखडा करण्याची मुभा मिळाली. तरीही विषयांच्या यादीपेक्षा मोठा बदल भिंतीबाबत झाला, असे म्हणावे लागते. ट्रेंटची योजना मुलाला कोवळ्या वयातच जगापासून दूर ठेवू पाहत होती. नव्या योजनेत विद्यार्थ्याने शिकत असतानाच लोकांत वावरणे अपेक्षित आहे. व्हॅटिकनच्या २०१६ च्या आराखड्याने आरंभी किमान एक वर्षाचा पूर्वतयारीचा टप्पा आवश्यक मानला, तर शेवटच्या टप्प्यात उमेदवार सेमिनरीबाहेर, बहुधा एखाद्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये), राहून सेवा करतो आणि त्यानंतर त्याला गुरुदीक्षा मिळते.