आंतरराष्ट्रीय प्रवासी वाहतुकीवरील मूल्यवर्धित करात समान वागणूक (युरोपीय संघ)

देशाची हद्द ओलांडणाऱ्या प्रवासाच्या भाड्यावर मूल्यवर्धित कर (व्हॅट) आकारताना विमान, रेल्वे, बस आणि जहाज यांच्यात दुजाभाव नसावा, असे हे तत्त्व आहे. युरोपीय संघात त्यावरून जुना वाद आहे.

मूळ नियम सर्वांना सारखाच आहे. संघाच्या २००६ च्या व्हॅट निर्देशातील (सदस्य देशांना बंधनकारक नियमावलीतील) कलम ४८ नुसार वाहतूक ज्या देशातून होते त्या देशाला, तिथे कापलेल्या अंतराच्या प्रमाणात, कर मिळतो. बस एखाद्या देशात नुसती मुक्कामाला थांबली म्हणून त्याचा वाटा वाढत नाही. भाडे किलोमीटरवरच वाटायचे, असे युरोपीय न्यायालयाने १९९७ मध्ये राइझेब्यूरो बिंडर या जर्मन सहल कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले.

घोळ आहे तो सवलतीत. १ जानेवारी १९७८ रोजी ज्या देशात आंतरराष्ट्रीय प्रवासाला करमाफी होती, त्याला ती चालू ठेवण्याची मुभा १९७७ च्या सहाव्या व्हॅट निर्देशाने दिली. ही मुभा संक्रमणकाळापुरती होती. तो काळ अजून सरलेला नाही. विमानाला ही माफी बहुतेक सर्वत्र मिळाली, रेल्वे आणि बसला मात्र देशागणिक वेगळा न्याय. माफीचा लाभही दुहेरी असतो. तिकिटावर कर नाही आणि वाहतूक कंपनीला तिच्या खरेदीवर भरलेला कर परतही मिळतो.

फ्रँकफर्टहून पॅरिसला जायचे तर विमानाच्या तिकिटावर व्हॅट शून्य. रेल्वेने गेल्यास जर्मन हद्दीतल्या टप्प्यावर ७ टक्के (२०२० पूर्वी १९), आणि त्याच वाटेने जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसला १९ टक्के. रेल्वेचा फ्रान्समधला टप्पा करमुक्त. ऑस्ट्रियाने २०२३ पासून सीमापार रेल्वेवरचा १० टक्के कर काढून टाकला. विमान कंपन्यांचे म्हणणे असे, की जर्मनीत २०११ पासून त्यांच्यावर वेगळा प्रवासी कर आहे. ते खरेच आहे, पण तो कर म्हणजे व्हॅट नव्हे. या वादात आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराचे नावही उगाच घेतले जाते. त्याचे कलम २४ विमानात शिल्लक असलेल्या इंधनाच्या सीमाशुल्काबद्दल आहे, तिकिटावरील व्हॅटबद्दल नाही. भारतात तर मुंबईहून परदेशी जाणाऱ्या विमानाच्या इकॉनॉमी तिकिटावरही ५ टक्के जीएसटी लागतो.

सगळ्यात जास्त कटकट सहलीच्या बसवाल्यांना. महाराष्ट्रातून युरोप पाहायला गेलेली मंडळी ऱ्हाइनचा धबधबा बघून संघाबाहेरच्या स्वित्झर्लंडमधून ब्लॅक फॉरेस्टकडे निघाली, की जर्मनीत नोंदणी नसलेल्या त्यांच्या बसला सीमाशुल्क नाक्यावर प्रत्येक फेरीचा कर भरावा लागतो. प्रत्यक्ष भाडे किती, हे तिथे कोणी विचारत नाही. दर प्रवासी-किलोमीटरला ४.४३ सेंट असे भाडे कायद्यानेच धरलेले आहे. ४० प्रवासी आणि जर्मनीतले १०० किलोमीटर म्हणजे धरलेले भाडे १७७.२० युरो आणि त्यावर १९ टक्क्यांनी जवळजवळ ३४ युरो कर. संघातल्या एका देशातून दुसऱ्यात जाताना असा नाका लागत नाही. तिथे पूर्वी बसमालकाला वाटेतल्या कर लावणाऱ्या देशांत व्हॅटसाठी वेगवेगळी नोंदणी करावी लागे. १ जुलै २०२१ पासून सामान्य ग्राहकांच्या तिकिटांवरचा कर त्याला आपल्याच देशातून एका विवरणपत्रात भरता येतो. कागद कमी झाले, दर मात्र ज्याचे त्याचे राहिले.