‘किड ए’नं रेडिओहेडला बुडवलं नाही

रॉकच्या गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘रेडिओहेडनं गिटार टाकली आणि हातचे श्रोते घालवले.’ रोख असतो या इंग्लिश रॉक बँडच्या २००० साली आलेल्या ‘किड ए’ या अल्बमवर. यातला पहिला भाग अतिशयोक्ती आहे, दुसरा सपशेल खोटा.

‘ओके कॉम्प्युटर’ या आधीच्या अल्बमनं १९९७मध्ये बँडचं नाव जगभर केलं, पण अमेरिकेत तो विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकाच्या जवळपासही गेला नव्हता. ‘किड ए’ मात्र ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे आल्या आल्या पहिला! तेही एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, न काढता, नेहमीचे व्हिडिओ न करता. वर ग्रॅमी मिळालं ते वेगळंच.

आता गिटारचं. सिंथेसायझर आले, ड्रम मशीन आलं, बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडनं ऑन्द मार्तेनो हे जुनं फ्रेंच विद्युतवाद्य वाजवलं, एका गाण्यात तर पितळी फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांचा अख्खा ताफा धिंगाणा घालतो. पण ‘ऑप्टिमिस्टिक’ लावून बघा, गिटार ठणठणीत आहे. अल्बम पहिल्या ऐकण्यात बुचकळ्यात टाकतो, हे मान्य. मीही तेव्हा तिसऱ्या गाण्यावर बंद केला होता. तेव्हाच्या काही समीक्षकांनी नाकं मुरडली; दंतकथेचं मूळ बहुधा तिथंच असावं.

आणि श्रोते गेले म्हणावं, तर २००७मध्ये याच बँडनं ‘इन रेनबोज’ हा अल्बम ‘हवे तेवढे पैसे द्या’ म्हणून इंटरनेटवर ठेवला. नंतर त्याची सीडी दुकानांत आली, आणि तीही दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेली.