आत गेलेली छाती, पुढे आलेली छाती: ब्रेस कुणाला, पट्टी कुणाला?

छातीच्या मधोमध खड्डा, म्हणजे पेक्टस एक्सकॅव्हेटम, बहुतेक पालकांना दिसताक्षणी कळतो. पेक्टस कॅरिनेटममध्ये उलट घडतं: छातीचं मधलं हाड पुढे येतं आणि बहुधा वयात येताना, उंची झपाट्याने वाढू लागली की डोळ्यांत भरतं. दोन्ही प्रकार मुलग्यांत जास्त. इथवर कुणी चुकत नाही.

चूक होते ती उपचारात. ‘ब्रेस (छाती बाहेरून दाबून धरणारा पट्टा) लावला की बसेल’ किंवा ‘ऑपरेशनच करावं लागेल’ हे दोन्हींना सरसकट सांगितलं जातं, आणि त्यात मुलांची मोलाची वर्षं जातात.

पुढे आलेली छाती बाहेरून दाबता येते. वाढत्या वयात बरगड्यांना मधल्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा लवचिक असतात. ब्रेस रोज बरेच तास, महिनोन्‌महिने घातला तर त्या हळूहळू नवा आकार घेतात. म्हणून कॅरिनेटममध्ये आधी ब्रेस. शस्त्रक्रिया छाती कडक झाली असेल किंवा ब्रेसने भागलं नसेल तरच. ‘मोठा झाला की बघू’ हा सल्ला इथे सर्वांत महागात पडतो, कारण वाढ संपली की लवचिकता कमी होते.

खड्डा मात्र दाबून वर येणार नाही. तो उचलावा लागतो. छातीवर हवा शोषून धरणारी व्हॅक्यूम बेल सौम्य खड्ड्यात, लवचिक छातीवर काही मुलांना उपयोगी पडते. खड्डा खोल असेल, हृदय-फुप्फुसांवर दाब येत असेल, तर ‘नस’ पद्धतीची शस्त्रक्रिया. डॉ. डोनाल्ड नस यांनी ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही कुशींतल्या लहान छेदांतून धातूची वाकवलेली पट्टी हाडामागे सरकवतात, मग उलटी फिरवतात, की हाड वर येतं. साधारण २ ते ४ वर्षांनी पट्टी काढतात. मुलाला निकेलची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा. टायटॅनियमची पट्टीही असते. समोरून छेद घेऊन वाकड्या कूर्चा काढण्याची जुनी राविच पद्धत दोन्ही विकृतींत आजही वापरतात.

जोर-बैठकांनी स्नायू भरतात, पाठ ताठ राहते, पण हाड जागचं हलत नाही. मुडदूस नसताना कॅल्शियमच्या गोळ्या देणंही थांबवा.

छाती पुढे आलेली असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ती हाताने दाबून बघायला सांगा. दाबल्यावर सहज बसत असेल, तर ब्रेसची वेळ आत्ताच आहे.